पंधरा वर्षांची गाडी, आठ वर्षांची हमी

“गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची आणि बॅटरीची हमी आठ वर्षांची. मधली सात वर्षं कुणाच्या भरवशावर काढायची?”

हायब्रिड गाडी घ्यायचा विषय निघाला की घरातलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. इथे तो मामांनी विचारला. मामा एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. इंजिन उतरवायचं, गिअरबॉक्स खोलायचा, झिजलेला भाग तेवढा बदलून गाडी पुन्हा मार्गावर लावायची, यातच त्यांची हयात गेली. त्यांची भाची नागपुरात तंत्रनिकेतनात विद्युत अभियांत्रिकी शिकवते. आठवड्यातून तीनदा तिला वर्ध्याला जाऊन यावं लागतं, शिवाय शहरातलं फिरणं वेगळं. वर्षाचं रनिंग पंचवीस हजार किलोमीटरच्या घरात जातं. तिचं मन हायब्रिडवर बसलंय. मामांचं म्हणणं, साधी पेट्रोल गाडी घे, नाहीतर सीएनजी. जी वस्तू गावातला मॅकेनिक उघडू शकत नाही ती आपल्या हातातली नाही, हे त्यांचं जुनं आणि पक्कं मत.

“आधी कुठल्या हायब्रिडबद्दल बोलतोय ते ठरवू या, मामा,” भाची म्हणाली. “मारुतीच्या सिआझवर, अर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं असतं. ती वेगळी गोष्ट.”

तिचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. त्या गाड्यांत पट्ट्यावर चालणारा एक स्टार्टर-जनरेटर असतो आणि २०१८ पासून आलेल्या रचनेत सीटखाली बारा व्होल्टची एक छोटी लिथियम बॅटरी. इंजिनाला थोडा हातभार लावणं, सिग्नलला ते बंद करून चटकन सुरू करणं, एवढंच तिचं काम. निव्वळ विजेवर ती गाडी हलत नाही. ज्या बॅटरीच्या खर्चाची भीती घरोघरी बोलली जाते ती ‘स्ट्राँग हायब्रिड’ची. टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या २०२२ मध्ये आलेल्या जुळ्या गाड्या, त्याच वर्षीची होंडा सिटी हायब्रिड आणि इनोव्हा हायक्रॉस ही त्यातली आपल्या रस्त्यांवरची नेहमीची नावं. या सगळ्यांच्या बॅटरीला आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत हमी मिळते.

“आणि ही बॅटरी किती मोठी, माहितीये?” भाचीने विचारलं. “हायरायडरची १७७.६ व्होल्टची आहे, पण तिच्यात वीज मावते ०.७६ युनिट. एक युनिटसुद्धा नाही. इथे रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्हीची पहिली बॅटरी ३०.२ युनिटची होती. जवळजवळ चाळीसपट. लोक ईव्हीच्या बॅटरीचे आकडे ऐकतात आणि हायब्रिडला घाबरतात.”

मामांना हे पटलं नाही, आणि न पटण्याचं त्यांचं कारण चांगलं होतं. बॅटरी एवढीशी असेल तर तिला विश्रांतीच नाही, असं ते म्हणाले. ब्रेक दाबला की भरायची, ॲक्सिलरेटर दाबला की रिकामी व्हायची. शहरातल्या एका फेरीत हे किती वेळा होत असेल? नातवाच्या मोबाइलची बॅटरी रोज एकदाच चार्ज होते, तरी तीन वर्षांत मान टाकते.

“मोबाइल आपण शंभरपर्यंत भरतो आणि पार तळाला नेतो. हायब्रिडमध्ये तसं कुणाला करताच येत नाही. गाडीतला संगणक बॅटरीला साधारण चाळीस ते ऐंशी टक्क्यांच्या मधल्या पट्ट्यातच फिरवतो, साठीच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करतो. पूर्ण भरणं आणि पूर्ण उपसणं, बॅटरीला मारणाऱ्या या दोन्ही गोष्टी तो होऊ देत नाही. डॅशबोर्डवर काटा तळाला दिसला तरी आत बराच साठा शिल्लक असतो.”

“कागदावर ठीक आहे. रस्त्यावर काय झालं ते सांग.”

रस्त्यावरचा पुरावा भरपूर आहे. टोयोटाने प्रायस डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये विकायला काढली, २००० मध्ये ती अमेरिकेत गेली, आणि जानेवारी २०१७ पर्यंत या कंपनीच्या हायब्रिड गाड्यांची जगभरातली विक्री एक कोटीवर पोचली. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने २०११ मध्ये दोन लाख मैलांहून अधिक, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या वर चाललेली २००२ सालची एक प्रायस मिळवली. बॅटरी मूळचीच होती. तशीच गाडी नवी असताना, दहा वर्षांपूर्वी, त्यांनी तपासलेली होती. तेव्हाचं ॲव्हरेज गॅलनला ४०.६ मैल होतं. या जुन्या गाडीने ४०.४ दिलं. आपल्या हिशेबात लिटरला सव्वासतरा किलोमीटरच्या आसपास, आणि फरक नगण्य. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तर प्रायसची पहिली पिढी टॅक्सी म्हणून तीन लाख किलोमीटरच्या पुढे गेली होती.

“टॅक्सीचं उदाहरण मला देऊ नकोस,” मामा लगेच म्हणाले. “टॅक्सी दोन-अडीच वर्षांत तीन लाख मारते. तिथे किलोमीटर झाले, पण वय कुठे झालं? रबर असो, तेल असो की बॅटरी, नुसती उभी राहिली तरी म्हातारी होतेच. आणि मासिकवाल्यांची गाडी एकच. एका गाडीवरून मी कार्यशाळेत कधी निर्णय दिला नाही.”

मामांचं हे बोलणं या सगळ्या वादातलं सर्वांत मोलाचं मानायला हवं. बॅटरीची झीज दोन मापांनी होते, वापराने आणि काळाने. जाहिरातीत आणि मित्रमंडळींच्या गप्पांत फक्त किलोमीटर सांगितले जातात. महिन्याला चारशे किलोमीटर चालणारी, बाकी वेळ उन्हात उभी असलेली गाडी मीटरवर तरुण दिसते, पण तिच्या सेलमधलं रसायन थांबलेलं नसतं. भाचीनेही हे मान्य केलं. त्यावर मामांनी दुसरं उदाहरण काढलं. ते त्यांनी कुठून तरी शोधून जपून ठेवलेलं असावं.

“होंडाची सिव्हिक हायब्रिड आठवते? २००८ मध्ये आपल्याकडेही आली होती. अमेरिकेत त्या पिढीच्या गाड्यांच्या बॅटऱ्या वेळेआधी थकायला लागल्या. कंपनीने २०१० मध्ये सॉफ्टवेअर बदललं. बॅटरीवरचा भार कमी झाला, पण गाडीची ओढ गेली आणि ॲव्हरेजही गेलं. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्समध्ये एका बाईने छोट्या दाव्यांच्या कोर्टात खटला भरला. २०१२ मध्ये कोर्टाने तिला ९,८६७ डॉलर द्यायचा हुकूम केला.”

“आणि काही महिन्यांत अपिलात तो हुकूम फिरला, मामा.”

“फिरला असेल. बॅटऱ्या तर बऱ्या झाल्या नाहीत ना?”

नाही झाल्या. काही वर्षांच्या गाड्यांसाठी कंपनीला बॅटरीची हमी वाढवून द्यावी लागली. ही हकीकत मामांच्या बाजूची असली तरी तिच्यातून निघणारा अर्थ भाचीच्याही कामाचा आहे. सिव्हिकमधली बॅटरी निकेल-मेटल हायड्राइडची होती आणि त्या काळच्या प्रायसमधलीही त्याच जातीची. रसायन एकच असताना एका गाडीचं नाव टिकाऊपणासाठी झालं, दुसरीचं खटल्यात आलं. बॅटरीला किती ताणायचं, कधी आवरायचं आणि थंड कसं ठेवायचं, हा हिशेब ज्याने नीट केला त्याची बॅटरी टिकली. म्हणून “हायब्रिडची बॅटरी किती वर्षं जाते” या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. जुन्या टोयोटांच्या अनुभवावरून दहा ते पंधरा वर्षं ही अपेक्षा वाजवी आहे. पण ती अपेक्षा आहे, करार फक्त आठ वर्षांचा.

बॅटरी मरते म्हणजे नेमकं काय होतं, हे मामांना खोलून पाहिल्यासारखं समजून घ्यायचं होतं. भाचीने दुसऱ्या पिढीच्या प्रायसचं उदाहरण घेतलं. त्या गाडीत २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेली असतात, प्रत्येकात सहा सेल, म्हणजे एकूण १६८ सेल आणि २०१.६ व्होल्ट. सगळी बॅटरी एकदम जात नाही. एखादं मॉड्यूल आधी अशक्त होतं, आणि दिंडीत सगळ्यांना सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलानं चालावं लागतं तसं बाकीच्या सत्तावीसांचं होतं. ते एक लवकर भरतं, लवकर रिकामं होतं, जास्त तापतं. संगणक मॉड्यूलच्या चौदा जोड्यांवर वेगवेगळी नजर ठेवून असतो. एका जोडीचा व्होल्टेज इतरांपासून ठरावीक मर्यादेपलीकडे घसरला की दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०ए८० हा कोड येतो. जगभरातल्या प्रायसवाल्यांना हा कोड पाठ आहे.

मामा सरसावून बसले. “म्हणजे एक मॉड्यूल बदललं की काम झालं!”

“तेच तर सगळे करतात. अमेरिकेत वापरलेलं एक मॉड्यूल तीस-चाळीस डॉलरला मिळतं. कोलंबोत तर हे काम करणारी दुकानंच उभी राहिली, कारण श्रीलंकेत कर कमी असताना जपानहून जुन्या-नव्या हायब्रिड ढिगांनी आल्या होत्या. पण एक बदललं की सहा महिन्यांत शेजारचं जातं. सगळी एकाच वयाची असतात ना! शिवाय नवं आणि जुनं एका ओळीत बसवलं की दोघांची क्षमता जुळत नाही. चांगला कारागीर सगळी मॉड्यूल बाहेर काढतो, प्रत्येकाला भाराखाली तपासतो, जुळणारीच एकत्र लावतो, तांब्याच्या पट्ट्यांवर चढलेला हिरवा गंज साफ करतो. असं केलं तर दोन-तीन वर्षं निघतात. नुसतं एक काढून एक घातलं तर तो पैसा वाया.”

“पण खोलता येते,” मामांनी तेवढंच धरलं.

“सगळ्यांना नाही. तुमच्या बसमध्ये चोवीस व्होल्ट होते, मामा. इथे दोनशेच्या आसपास डीसी आहे. नारंगी रंगाची केबल दिसली की ती उच्च दाबाची समजायची. सर्व्हिस प्लग काढायचा, कॅपॅसिटरमधली वीज ओसरेपर्यंत दहा मिनिटं थांबायचं, हातात रोधक हातमोजे असल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. हे शिकलेला माणूस आज नाक्यावरच्या गॅरेजमध्ये नाही.”

यावर मामा थोडा वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले की एसटीत नवी गाडी आली की आधी माणसं प्रशिक्षणाला जायची, मग गाडी आगारात यायची. इथे गाड्या हजारोंनी विकल्या गेल्या आणि त्या दुरुस्त करणारी माणसं अजून तयार व्हायचीच आहेत. त्यांची ही खंत रास्त आहे. वर्ध्यासारख्या गावात, दहाव्या वर्षी, हमीबाहेरच्या हायब्रिड गाडीला अधिकृत सर्व्हिस सेंटरशिवाय दुसरा दरवाजा नसेल, तर दर ठरवणारा एकच पक्ष उरतो.

मग पैशांचा विषय आला.

टोयोटाने २००८ मध्ये अमेरिकेत बॅटरीच्या किमती उतरवल्या तेव्हा प्रायसची नवी बॅटरी, मजुरी सोडून, पिढीनुसार सुमारे २,३०० ते २,६०० डॉलरला मिळू लागली. त्या वेळच्या दराने साधारण एक लाख रुपये. आज तिथे डीलरकडे मजुरीसकट काम केलं तर गाडीनुसार अडीच ते साडेचार हजार डॉलर लागू शकतात. दुरुस्त करून पुन्हा जुळवलेली बॅटरी त्याच्या निम्म्याच्या आसपास बसते, आणि तिच्यावरची हमीही तशीच तोकडी असते. जुनी बॅटरी परत द्यावी म्हणून आधी मोठी अनामत घेतात, कारण आतलं निकेल मोलाचं असतं. आपल्याकडेही २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. करातही थोडा फरक पडला: लिथियम बॅटरीवरचा जीएसटी २०१८ मध्येच अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला होता, हायक्रॉसमध्ये असते तशी निकेलची बॅटरी मात्र अठ्ठावीसमध्येच अडकून होती. सप्टेंबर २०२५ पासून तीही अठरावर आली.

“पण बॅटऱ्या स्वस्त होतायत असं तूच सांगतेस,” मामांनी तिला अडवलं. “मग त्या स्वस्ताईतलं आपल्यापर्यंत काय येतं?”

भाचीकडे आकडा होता. ब्लूमबर्ग-एनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम बॅटरी पॅकची जगभरची सरासरी किंमत किलोवॉट-तासाला, म्हणजे एका युनिटच्या साठ्याला, ११५ डॉलर होती. त्या दराने हायरायडरएवढी बॅटरी शंभर डॉलरच्या आत यायला हवी, दहा हजार रुपयांच्याही खाली. तशी ती कधीच मिळत नाही. ती सरासरी मोठ्या, घाऊक प्रमाणात बनणाऱ्या पॅकची आहे. हायब्रिडचे सेल थोडी वीज साठवून क्षणात खूप ताकद देण्यासाठी बनवलेले असतात आणि ते मुळातच महाग. त्यात पेटी, पंखा, नियंत्रक, रिले, सुट्या भागांच्या गोदामाचा आणि डीलरचा वाटा मिळवायचा. सेलची किंमत राहते बाजूला, ग्राहक उरलेल्या सगळ्याचेच पैसे भरतो.

“म्हणजे तुझी स्वस्ताई कारखान्यात राहिली,” मामा म्हणाले, आणि या मुद्द्यावर भाचीला उत्तर नव्हतं. कंपन्यांनी ही किंमत दडवून ठेवायचं काहीच कारण नाही. टायरचा, क्लचप्लेटचा दर जसा काउंटरवर विचारता येतो तसा बॅटरीचाही गाडी घेण्याआधी लेखी मिळाला पाहिजे; पार्ट नंबर, किंमत, मजुरी, कर आणि जुन्या बॅटरीचा परतावा, सगळं एका कोटेशनवर. ज्या शोरूमला हे देता येत नाही तिथून उठून दुसरीकडे जावं.

हमीच्या बाबतीतही मामांचा राग खरा ठरतो. अमेरिकेत टोयोटाने २०२० च्या मॉडेलपासून हायब्रिड बॅटरीची हमी दहा वर्षं किंवा दीड लाख मैल केली, म्हणजे २ लाख ४० हजार किलोमीटर. ब्रिटनमध्ये तर दरवर्षी बॅटरीची तपासणी करून घेतली की पुढच्या वर्षाचं संरक्षण मिळतं आणि गाडी पंधरा वर्षांची होईपर्यंत ते असं वाढवता येतं.

“बघ, पंधरा! म्हणजे कंपनीला स्वतःला खात्री आहे की ती तेवढी जाते. मग आपल्याच माणसांना आठ का?”

“आपल्याकडे ऊन जास्त आहे, मामा.” हे ती कंपनीची बाजू घ्यायला म्हणाली नव्हती. नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि उन्हात बंद उभ्या गाडीचं आतलं तापमान त्याहून पुष्कळ वर. तापमान दहा अंशांनी वाढलं की सेलमधली रासायनिक झीज ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. तिच्या दृष्टीने नागपूरच्या माणसाने किलोमीटरपेक्षा सावलीचा विचार जास्त करायला हवा.

इथे एक अगदी साधी गोष्ट येते आणि तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. यांतल्या बऱ्याच गाड्यांची बॅटरी केबिनमधल्या हवेवर थंड होते. प्रायसमध्ये ती मागच्या सीटमागे बसवलेली होती आणि हवा ओढायची जाळी मागच्या सीटच्या कडेला. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी आहे, म्हणून तिची डिकीही साध्या गाडीपेक्षा लहान. त्या जाळीतून धूळ, केस, चटईचे धागे आत जातात, फिल्टर तुंबतो, पंखा जोरात फिरायला लागतो आणि तरीही सेल गरमच राहतात. जाळीसमोर पिशवी, उशी, ब्लँकेट ठेवलं की तेच. कित्येक बॅटऱ्यांचं आयुष्य या काही रुपयांच्या सफाईवाचून घटलेलं असतं. आपल्या गाडीत ती जाळी नेमकी कुठे आहे हे डिलिव्हरी घेतानाच बोट ठेवून दाखवून घ्यावं आणि प्रत्येक सर्व्हिसला फिल्टर साफ केल्याची नोंद मागावी. उन्हातून गाडी काढताना आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. माणसांना मिळणारा गारवाच पुढे बॅटरीला मिळतो.

मामांना हे फारच आवडलं. एसटीत एअर फिल्टर झटकण्यावरून त्यांनी किती जणांना बोल लावले असतील! बॅटरीला फिल्टर असतो हे कळल्यावर ती त्यांना पहिल्यांदा ओळखीच्या यंत्रासारखी वाटली.

पाण्याचं मात्र वेगळं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत पूर आला तेव्हा गाड्या छतापर्यंत बुडाल्या. पुराचं पाणी बॅटरीत गेलं तर तो निर्मितीदोष नसतो, त्यामुळे हमी तिथे कामाला येत नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा असावा लागतो, आणि हायब्रिड बॅटरीसाठी जोडसंरक्षण मिळतं का हे पॉलिसी घेतानाच विचारावं. आणखी एक. गाडी महिनाभर उभी राहून सुरू झाली नाही तर “हायब्रिड बॅटरी गेली” असं घाबरून म्हणू नये. बहुतेक वेळा बारा व्होल्टची साधी, दुय्यम बॅटरी उतरलेली असते. ती काही हजारांत बदलते.

“आता हिशेब मांड,” मामा म्हणाले. “तुझं रनिंग धर.”

दोघांनी मिळून तो मांडला. चाचणीतले आकडे त्यांनी बाजूला ठेवले. ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडला चाचणीत २७.९७ आणि साध्या ऑटोमॅटिकला २०.५८ मिळाले असले, तरी वर्ध्याच्या हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना हायब्रिडचा फायदा घटतो. तिचा खरा जोर थांबत-थांबत चालणाऱ्या शहरात. हे मामांनी सुचवलं आणि बरोबरच सुचवलं. म्हणून हायब्रिडला १९ आणि साध्या गाडीला १५ धरले, पेट्रोल १०४ रुपये. हमीच्या १ लाख ६० हजार किलोमीटरमध्ये साध्या गाडीला १०,६६७ लिटर लागतील, हायब्रिडला ८,४२१. वाचले २,२४६ लिटर, म्हणजे सुमारे २ लाख ३३ हजार रुपये. हायब्रिडसाठी सुरुवातीला मोजलेले जादा दोन लाखांहून अधिक त्यातच संपले.

“म्हणजे हमी संपते तेव्हा तू जवळपास बरोबरीत,” मामा म्हणाले. “बॅटरीसाठी एक रुपया शिल्लक नाही.”

“पण गाडी तिथे संपत नाही ना. त्यापुढे दर किलोमीटरला जवळपास दीड रुपया वाचत राहतो. आणखी लाखभर किलोमीटर त्याच बॅटरीवर गेले, तर दीड लाख माझ्याकडे जमलेले असतील.”

“आणि नाही गेले तर?”

या प्रश्नाशी दोघं पुन्हा थांबले. भाचीचा हिशेब गाडी पंधरा वर्षं स्वतःकडे ठेवणाऱ्याचा आहे. आठव्या वर्षी गाडी विकणाऱ्याला बॅटरीचा खर्च जवळजवळ येतच नाही. तो पुढच्या मालकाच्या वाट्याला जातो. दोन लाखांची बॅटरी वीस लाखांच्या नव्या गाडीत दहावा हिस्सा असते. तीच गाडी बाराव्या वर्षी चार-पाच लाखांची उरते तेव्हा बॅटरी तिच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडते. मामांची भीती खरी आहे, फक्त ती नव्या गाडीच्या खरेदीदाराला लावून चालत नाही. जुन्या बाजारातल्या खरेदीदाराची ती आहे. तिथे तर तिला पूर्ण मान द्यावा. सेकंडहँड हायब्रिड घेणाऱ्याने सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी पाहाव्यात, चढ आणि गर्दी दोन्हींत गाडी चालवून बघावी. बॅटरीचा काटा काही मिनिटांत भरून काही मिनिटांत तळाला जात असेल, पंखा सतत घोंघावत असेल, सिग्नलला इंजिन बंदच होत नसेल, तर प्रकरण संशयाचं. भाराखाली प्रत्येक ब्लॉकचा व्होल्टेज स्कॅनरवर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मामांच्या स्वतःच्या रनिंगचा हिशेब मात्र दोन मिनिटांत झाला. पुण्यात ते वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर गाडी चालवतात. शहरातलं ॲव्हरेज हायब्रिडला २० आणि साध्या गाडीला १४ धरलं तरी वर्षाला १२९ लिटर वाचतात, सुमारे १३,४०० रुपये. आठ वर्षांत लाखाच्या थोडे वर. बॅटरीचं वय तेवढंच होणार. त्यांच्यासाठी हायब्रिड नाही, यावर भाचीने वाद घातला नाही.

“तू घे,” मामा शेवटी म्हणाले, “पण कोटेशन लेखी घे, आणि सात वर्षं नऊ महिने झाले की सेंटरला जाऊन ब्लॉकचे आकडे छापून माग. हमीच्या आत काही निघालं तर त्यांच्या खर्चात.”

“सात वर्षं नऊ महिने तुमच्यासारख्याला, मामा. मी वर्षाला पंचवीस हजार चालवते. माझे १ लाख ६० हजार सहा वर्षं पाच महिन्यांतच होतात.”

मामांनी पुन्हा भागाकार करून पाहिला. मग कोटेशनच्या यादीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दीड लाख किलोमीटरला तपासणी, तारीख काहीही असो.